पेटीमास्तरांनी लावलेले सूर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या पेटीमास्तरांचे. हे वाक्य आज मी सहज लिहिले, पण जिथे ते बोलायला हवे होते तिथे बोललो नाही. आईवडिलांचे उपकार मी वेगळे धरतो. त्यांनी मला शेतातून सोडले आणि शाळेत घातले, ते न फिटणारे आहेत. पण ज्या कामामुळे चार तालुक्यांतले लोक मला ओळखू लागले, ते काम मास्तरांच्या कानावर उभे होते.

आमचे गाव साखरखेर्ड्याहून दोन कोसांवर. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मी दुसरीत होतो. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि ज्वारी. माझ्या आधी आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेले नव्हते. मास्तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराला लागून राहत. ते शाळेत शिकवणारे मास्तर नव्हते. पेटी वाजवत, पेट्या दुरुस्त करत, म्हणून मास्तर. कापसाच्या हंगामात चिखलीला जिनिंगवर कामाला जात आणि बाकीचे दिवस दारात पोते अंथरून, पेटी उघडून, बारीक कानशीने आतली पितळी पाती घासत बसत. पात्याचे टोक घासले की सूर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो. हे मला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात कॉलेजला गेल्यावर वाचायला मिळाले. त्यांच्या दारात मी ते त्याच्या दहा वर्षे आधी पाहिले होते.

मी त्यांच्याकडे शिकायला जाई. घरून कुणी अडवले नाही. परत आल्यावर आई फक्त हातपाय धुऊन आत ये म्हणायची. कुठूनही आलो तरी ती तसेच म्हणते, असे मी तेव्हा धरून चाललो होतो.

मास्तरांना गावातल्या सगळ्या गल्ल्यांची गाणी येत. आमच्याकडचे अभंग, त्यांच्याकडची जयंतीची गाणी, मोमिनपुऱ्यातली कव्वाली, बायकांची हळदीची गाणी, तमाशावाल्यांच्या चाली. ते म्हणत की चाल कुणाचीही असो, बोटाला जागा सापडली की आपली. एक गाणे शिकवता शिकवता ते दुसऱ्यात शिरत आणि मला विचारत की कुठल्या सुरावरून पलीकडे गेलो ते सांग. मी चुकलो की "काऊन बे, झोपला व्हता काय?" असे म्हणून पुन्हा वाजवत. मी पुढे जे करू लागलो, ज्याला लोक सगळ्याची भेळ म्हणत, ते सगळे या सवालजबाबातून आलेले आहे.

चिखलीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला गेलो. प्रयोगशाळेत एक यंत्र होते, त्याची खुंटी फिरवली की कर्ण्यातून बारीक शिटीसारखा आवाज निघे आणि खुंटीबरोबर चढे-उतरे. बाकीच्या मुलांनी त्याचा आलेख काढला. मी त्याच्यावर एक अभंग काढायचा प्रयत्न केला आणि सरांची बोलणी खाल्ली. मग सुट्टीत मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर जमवून तसेच यंत्र घरी केले. मास्तरांकडे एक पेटी होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला होता, पण पट्ट्या शाबूत होत्या. ती त्यांनी मला देऊन टाकली. तिच्या सदतीस पट्ट्यांखाली मी सदतीस बारीक स्क्रू बसवले. पट्टी दाबली की तिच्या स्क्रूप्रमाणे सूर निघायचा. चार बटणांनी आवाजाची जात बदलायची, एक सनईसारखा, एक बासरीसारखा, एक बेंजोसारखा आणि एक कशासारखाच नाही. पायाखाली आणखी एक बटण होते, ते दाबले की ढोलकीसारखा ठोका पडायचा. लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला तार जोडली की एकटा माणूस अख्ख्या मांडवाला पुरत असे.

स्क्रू मी बसवले, पण सूर मास्तरांनी लावले. मी गणिताने हिशेब करून स्क्रू पिळले होते, ते त्यांनी पाचच मिनिटे ऐकले.

"हे वाद्य हाये का रेडिओले ताप आला?" ते म्हणाले आणि पेचकस मागितला.

दोन दिवस ते एकेक पट्टी दाबून एकेक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते. माझ्या गणितात बसत नव्हते असे ते काहीतरी करत होते. झाल्यावर मी वाजवून पाहिले आणि माझी वही मिटून ठेवली.

वडिलांना हे सारे पटले नव्हते. "शिकून सायेब व्हईन म्हनलं तं बाजा वाजवाले लागला," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण पहिले आमंत्रण आले ते आमच्याच भावकीतल्या लग्नाचे, तेव्हा बैलगाडीत गवत पसरून वाद्य त्यांनीच उचलून ठेवले.

त्या लग्नात जे झाले ते गावात कुणाच्याच लक्षात आले नाही. मंगलाष्टके नवरीचे मामा म्हणत होते आणि मी त्यांना सूर धरून होतो. दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली. गिरणी सुरू झाली की आमच्याकडे दिवे मंद होत. दिव्यांबरोबर माझे वाद्यही मंद झाले, म्हणजे सगळे सूर एकदम खाली घसरले. मामा वाद्याच्या मागे खाली गेले. तिसऱ्या कडव्याला अजून खाली. शेवटचे सावधान त्यांनी इतक्या खर्जात म्हटले की नवरदेवाने अंतरपाटावरून डोकावून पाहिले. लोकांना वाटले मामा गहिवरले. मांडवाच्या टोकाला उभे असलेले मास्तर मात्र तोंडावर उपरणे धरून हसत होते.

मी गिरणीवाल्याला भेटलो. पुढच्या लग्नाला तासभर गिरणी बंद ठेवता येईल का, असे विचारले. तो म्हणाला, "तुमच्याच लग्नाच्या पोयायचं पीठ दयून राह्यलो ना भाऊ. बंद कसी करू?"

उपाय मास्तरांनी काढला. सगळे सूर एकदम घसरतात तर सगळ्यांना एकदम वर उचलणारी एकच खुंटी बसव, ती मी धरून बसतो, ते म्हणाले. मी ती बसवली. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मास्तर माझ्या मागे बसू लागले. गावात कुठे पाण्याचा पंप सुरू होई, कुठे गिरणी, कुठे थ्रेशर. विजेचा दाब उतरला की माझ्या बोटाखालचा सूर घसरायला सुरुवात होई आणि तो घसरला हे मला कळण्याच्या आत मास्तरांनी खुंटी फिरवलेली असे. ऐकणाऱ्याला काही कळत नसे. मी पुढे, अंगात झब्बा, समोर वाद्य. मास्तर मागे कनातीच्या आड, एक हात खुंटीवर, डोळे मिटलेले.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ती खुंटी मी वाद्याच्या मागच्या फळीवर बसवली होती. ती समोरच्या फळीवरही बसली असती. तारा दोन वीत लांब लागल्या असत्या, इतकेच. मी मागे का बसवली, याचे कारण मी तेव्हा स्वतःला तारांचेच दिले. पुढे एका मोठ्या जमीनदाराच्या घरच्या लग्नात मास्तरांना वर स्टेजवर बसवायचे ठरत असताना घरच्या कारभाऱ्याने विचारले, की यांचे काम मागूनच होते ना? मी हो म्हणालो. ते खरेही होते. कारभाऱ्याने मान हलवली आणि कनातीमागे एक सतरंजी टाकून दिली. चहा तिकडेच गेला. त्यानंतर कुठल्याच घरी मला हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण मी आधीच सतरंजी मागे टाकायला सांगू लागलो.

अशा तीन लग्नसराया गेल्या. मी बी.एस्सी. झालो आणि चिखलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शाळेच्या ग्रंथालयात एक जुने मासिक चाळताना मला असा एक लहानसा सुटा भाग दिसला, की तो बसवला तर बाहेर विजेचा दाब कितीही उतरला तरी आत ठरलेलाच जातो. हे मला कॉलेजात शिकवलेले होते. मी परीक्षेत त्याच्यावर पूर्ण गुणही घेतले होते. पण परीक्षेतली गोष्ट आपल्या वाद्याला लावता येते, हे माझ्या डोक्यात तीन वर्षे आले नव्हते. रविवारी गावी जाऊन मी तो भाग बसवला, मास्तरांना बोलावले, गिरणी सुरू व्हायची वाट पाहिली. दिवा मंद झाला. सूर हलला नाही. मी मोठ्या आनंदाने त्यांच्याकडे पाहिले.

मास्तरांनी खुंटी थोडी फिरवून पाहिली, परत जागेवर आणली. मग विचारले, "मंग आता मी कुठी बसू?"

मी समजलो नाही असे नव्हे. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची पेटी होती. ते माझ्या शेजारी बसून वाजवू शकत होते, माझ्यापेक्षा चांगले वाजवत होते. मागे बसण्याचे कारण संपले होते, आता पुढे बसायचे की नाही, एवढेच ते विचारत होते. पुढच्याच आठवड्यात एक लग्न होते. मला जमीनदाराच्या घरचा तो कारभारी डोळ्यांपुढे दिसला आणि सतरंजी दिसली. मी म्हणालो, "मास्तर, तुमचं वय झालं. आता आराम करा."

ते पन्नाशीचे होते. "हाव," ते म्हणाले आणि उठले.

त्यानंतर मी एकटा जाऊ लागलो. लाउडस्पीकरवाल्याने हौसेने एक पाटी रंगवून घेतली, 'एकच कलाकार, सहा वाद्ये'. वाद्ये चार होती आणि ठोका धरला तर पाच, पण सहा दिसायला बरे दिसते, असे त्याचे मत पडले. माझे नाव झाले ते वेगवेगळ्या चाली एकमेकींत मिसळण्यामुळे. वऱ्हाडी लोकांना फर्माईश करायला आवडते. मुलीकडचे अभंग मागत, मुलाकडचे सिनेमाचे गाणे मागत, आणि दोघांचे एकाच वेळी हवे असे. मी अभंगाच्या चालीवर कव्वालीचा ठेका लावी, त्यातून सिनेमाच्या गाण्यात शिरे आणि हळदीच्या गाण्यावर येऊन थांबे. जालन्याकडची मंडळी मला बोलावू लागली. बुलढाण्याला एका स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला. शाळेतले सहकारी म्हणत की हा माणूस शनिवारी मास्तर आणि रविवारी कलाकार. वडीलही आता लोकांना तारीख मोकळी आहे की नाही ते सांगू लागले होते.

मग रोहिणखेडचा कार्यक्रम आला. तिथल्या जुन्या मशिदीजवळच्या मैदानात कव्वाली होती. कव्वालांचा पेटीवाला आजारी पडला म्हणून त्यांनी मला बोलावले. मी जीप करून दुपारीच गेलो. जीपवाला आमच्याच गावचा होता. मुख्य कव्वाल वयस्कर होते. गाण्याआधी त्यांनी माझ्या वाद्याची एकेक पट्टी दाबून पाहायला सुरुवात केली. लोक असे करत तेव्हा ते गंमत म्हणून करत. हे तसे करत नव्हते. ते तिसऱ्या पट्टीवर थांबले, परत तीच दाबली, पुढची दाबली.

"ये सुर किसने मिलाए?" त्यांनी विचारले. "ये मशीन का काम नहीं है. ये किसी कानवाले आदमी ने मिलाए हैं."

मी म्हणालो, "मैंने ही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कान मोठी चीज आहे, सांभाळून ठेवा, असे काहीसे बोलले. आमच्या गावचा जीपवाला शेजारी तारा उलगडत होता. त्या दिवसाचा कार्यक्रम माझ्या सगळ्या कार्यक्रमांत चांगला झाला असे लोक सांगतात. मला त्यातले एकही गाणे आठवत नाही.

दोन महिन्यांनी उन्हाळ्याने काही स्क्रू ढिले झाले आणि सूर बिघडले. दर वर्षी असे होई आणि दर वर्षी मास्तर ते लावून देत. आराम करा म्हटल्यावरही त्यांनी एकदा लावून दिले होते. मी वाद्य सायकलला बांधून त्यांच्या दारात गेलो. ते पोत्यावर बसून कुणाच्या तरी पेटीचे पाते घासत होते. मी पेचकस पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तूच लावले म्हने ना बे सूर?" ते शांतपणे म्हणाले. "मंग लाव."

आणि पुन्हा पाते घासू लागले. त्यांच्या बायकोने आतून पाणी आणून दिले, ते प्यालो आणि घरी आलो. आई म्हणाली हातपाय धुऊन ये. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिले आणि हातपाय धुऊन आत गेलो.

सूर मी स्वतः लावले. गणिताने लावले, बरे लावले. कुणाची तक्रार आली नाही. त्या वर्षाच्या शेवटी मास्तर मुलीकडे जालन्याला राहायला गेले. दाराला कुलूप लागले.

पुढची वर्षे सांगण्यासारखी फार नाहीत. शाळेत माझी नोकरी पक्की झाली. माझे घरी केलेले वाद्य म्हातारे झाले आणि एका ओळखीच्याने मुंबईहून जपानी वाद्य आणून दिले. त्यात शंभर आवाज होते, ठेकेही आपोआप वाजत आणि सूर कधीच बिघडत नसे. ते मिळाल्यावर मी पहिल्या रविवारी तीन तास वाजवले आणि वाद्य बंद करून बसून राहिलो. मला ज्याचा त्रास होत होता, ते यंत्राने सोडवण्यासारखे कधी नव्हतेच. सूर घसरत होता तेव्हा मास्तर मागे होते. सूर घसरायचा थांबला तेव्हा ते घरी होते. दोन्ही वेळा जागा मी ठरवली होती.

यंदा गावच्या यात्रेच्या कमिटीने मला बोलावले. गावचा माणूस, गावच्या स्टेजवर, असे त्यांचे म्हणणे. बैठक मारुतीच्या पारावर होती. मी म्हणालो की मी येईन, पण माझ्या शेजारी मास्तर पेटीवर बसतील आणि सुरुवात ते करतील. त्यावर एक जण, माझा चुलतभाऊच, म्हणाला, "आता त्याहिची काय गरज हाये? तुझं मशीन तं जापानचं हाये."

मी म्हणालो, "गरज नाही. म्हणूनच त्यांना समोर बसवायचं आहे."

एका म्हाताऱ्याने विचारले की ते येतील का. हा प्रश्न बरोबर होता. कमिटीचे पाहून घेता आले असते, कारण माझ्याशिवाय त्यांचा त्या दिवसाचा कार्यक्रम रिकामा राहत होता. पण मास्तरांनी येण्याचे काही कारण नव्हते. नाही कुणी म्हटले नाही, हो-ही मोकळेपणाने म्हटले नाही. मी त्यांना सांगितले की मास्तर आले नाहीत तर मीही येणार नाही, आणि चिखलीला परत येऊन हे पत्र लिहिले. नक्कल ठेवली होती, ती खाली देतो.

"आदरणीय मास्तर,

सप्रेम जयभीम.

तुमचा पत्ता तुमच्या जावयाच्या भावाकडून घेतला. प्रकृती बरी आहे असे कळले. माझे बरे चालले आहे.

रोहिणखेडला कव्वालांनी सूर कोणी लावले असे विचारले तेव्हा मी खोटे बोललो. तुमच्या कानावर आले ते खरे आहे. ते ज्या सुरावर थांबले होते तो तिसरा स्क्रू तुम्ही दोन वेळा काढून पुन्हा बसवला होता, हे मला त्या वेळी आठवत होते. तरी मी बोललो नाही. कव्वाल आता हयात आहेत की नाहीत याची चौकशी केली आहे. आहेत, असे समजते. त्यांना मी वेगळे पत्र लिहिले आहे आणि तुमचे नाव व गाव कळवले आहे.

तुम्ही मला विचारले होते की मी कुठे बसू. त्याचे उत्तर देण्याऐवजी मी तुमचे वय काढले. खुंटीदेखील मी मुद्दाम मागच्या फळीला बसवली होती. पुढे बसवता आली असती. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

गावच्या यात्रेत स्टेजवर कार्यक्रम आहे. तुम्ही समोर मध्ये, मी तुमच्या डाव्या हाताला. सुरुवात तुमच्या पेटीने, तुम्ही ठरवाल त्या चालीने, मग तुम्ही जिकडे जाल तिकडे मी मागून येईन. चुकलो तर सगळ्यांसमोर विचारा. जेवण पंगतीत, एकत्र. हे मी कमिटीला सांगितले आहे. काही जणांच्या मनात नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही आंधळेपणाने येणार नाही. तुम्ही आला नाहीत तर मला राग यायचे कारण नाही, आणि कार्यक्रमही होणार नाही.

माझे नवे वाद्य यंत्राचे सूर लावूनच येते, त्यात स्क्रू नाहीत. तुमच्या पेटीशी ते जुळते का ते मला माहीत नाही. न जुळल्यास ते घरी ठेवू आणि मी फक्त टाळ धरीन.

जालन्याहून सकाळची एसटी चिखलीला दुपारी पोचते. यात्रेच्या आदल्या दिवशी मी स्टँडवर असेन. पेटी टपावर टाकू देऊ नका, मांडीवर घेऊन बसा, कंडक्टर काही म्हणाला तर माझे नाव सांगा, त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे.

बाईंना नमस्कार.

तुमचा विद्यार्थी"